कादंबरीतून इंग्रजी काळ शिकवताना: सुरुवात 'हॅड'पासून

'आय हॅड गॉन टू म्हापसा मार्केट यस्टरडे.' गोव्यात चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलांच्या इंग्रजी वह्या उघडा, हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतंच. तांबड्या पेनानं 'हॅड गॉन' खोडून वर 'वेन्ट' लिहायला दोन सेकंद लागतात. पुढच्या आठवड्यात 'हॅड' पुन्हा हजर. कारण मुलाच्या मनातलं वाक्य होतं, 'काल म्हापशाच्या बाजारात गेलो होतो', आणि मराठी म्हणून ते बिनचूक आहे. मराठीतला 'होतो' सांगतो की गेलो, काम उरकलं, परत आलो, विषय संपला. इंग्रजीतल्या 'हॅड'ला मात्र भूतकाळातली आणखी एक घटना लागते, जिच्या आधी हे घडलं. ती आसपास कुठेच नसेल तर इंग्रजी वाचणारा थांबून राहतो: बरं, गेला होतास, मग काय झालं?

मजा अशी की इंग्रजी कादंबरीचं पहिलं पान उलगडतं ते बऱ्याचदा याच 'हॅड'मुळे. पण आपल्याकडे काळ शिकवायचे ग्रामरच्या तासाला आणि कादंबरी लिटरेचरच्या तासाला, आणि दोन्ही तास एकच शिक्षक घेत असला तरी या दोन गोष्टींची गाठ कधी पडत नाही. त्यामुळे ग्रामरच्या तासाला मूल रिकाम्या जागा भरतं आणि लिटरेचरच्या तासाला 'कॅरेक्टर स्केच' पाठ करतं. पुढे जो क्रम देते आहे तो ही गाठ घालण्यासाठी आहे. तो आठवी ते बारावीच्या वर्गांना आणि शिकवणीलाही चालेल. घरी मुलांना शिकवणाऱ्या पालकांनाही जमण्यासारखा आहे.

गोव्याचं म्हणून एक सांगायला हवं. इथल्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोंकणी माध्यमाच्या. पाचवीपासून बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजी होतं. म्हणजे सत्तरी, पेडणे, डिचोली, सांगे या भागांतलं मूल चौथीपर्यंत इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकतं, आणि जूनमध्ये अचानक विज्ञान, इतिहास, भूगोल सगळं इंग्रजीत येऊन आदळतं. त्या धावपळीत क्रियापदांकडे बघायला कुणाला सवड नसते. आठवीत येईपर्यंत चुका मुरतात. म्हणून सुरुवात थोडी मागून करावी लागते.

आधी मुलाच्या डोक्यातलं वाक्य शोधा

पहिल्या तासाला काही शिकवू नका. 'गेल्या चवथीला (म्हणजे गणेशचतुर्थीला) आमच्या घरी' या विषयावर दहा-बारा ओळी इंग्रजीत लिहायला सांगा. माटोळी (गणपतीवरची फळापानांची आरास) बांधली, मामा आले, फुगड्या झाल्या, पाऊस पडत होता, नेवऱ्या (करंज्या) संपल्या, जे आठवेल ते. लिहून झालं की मुलांनीच स्वतःच्या लिखाणातलं प्रत्येक क्रियापद अधोरेखित करायचं. मग पेन्सिलीनं त्याच्या वर, ते लिहिताना मनात मराठीत किंवा कोंकणीत काय आलं होतं, तेवढंच लिहायचं. मार्क नाहीत, दुरुस्ती नाही.

या एका कागदाइतकं सांगणारं दुसरं काही नाही. 'वी वेर हॅविंग मेनी गेस्ट्स'वर 'आमच्याकडे खूप पाहुणे होते' दिसतं. 'मामा हॅड केम'वर 'मामा आले होते'. कोंकणी घरातल्या मुलाच्या कागदावर 'आयिल्लो' दिसेल. प्रत्येक चुकीमागे एक शहाणं वाक्य बसलेलं आहे. कागद जपून ठेवा, सहामाहीच्या शेवटी लागणार आहेत.

बाराचा तक्ता भिंतीवरून उतरवा

बारा काळांचा तक्ता, तीन उभ्या रांगा आणि चार आडव्या, मला कधीच आवडला नाही. त्यातून असा समज होतो की बाराही घरं सारख्याच वजनाची आहेत आणि 'आय शॅल हॅव बीन गोइंग' हेही 'आय वेन्ट'इतकंच रोज लागतं. शिवाय भाषाशास्त्र बघितलं तर इंग्रजी क्रियापदाची रूपं बदलतात ती दोनच काळांसाठी, वर्तमान आणि भूत. भविष्य 'विल' लावून, 'गोइंग टू' म्हणून किंवा चक्क वर्तमानकाळ वापरून सांगतात. बाकी सगळा प्रकार काळाचा नसून नजरेचा आहे: क्रिया बाहेरून पुरी बघतोय, आत शिरून चालू असताना बघतोय, की मागे वळून बघतोय.

म्हणून फळ्यावर एक आडवी रेघ ओढा. त्यावर 'आता' अशी खूण करा. डावीकडे दुसरी खूण, 'तेव्हा'. मुलांना दोनच प्रश्न विचारायची सवय लावा: बोलणारा कुठे उभा आहे? आणि तो कुठे बघतोय? 'आता'वर उभं राहून मागे बघितलं की 'हॅव'. 'तेव्हा'वर उभं राहून त्याच्याही मागे बघितलं की 'हॅड'. मागे न वळता 'तेव्हा'चं सरळ सांगितलं की साधा भूतकाळ. क्रियेच्या मधोमध उभं असलं की 'आयएनजी'. एवढ्यावर पुढचे बरेच तास निघतात.

सरावाला कुर्डी घ्या. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. जुने रहिवासी तेव्हा तिथं जातात. एकाच गावाबद्दल किती तऱ्हांनी बोलता येतं बघा. 'द व्हिलेज लाईज अंडर वॉटर', 'इट कम्स अप एव्हरी समर' हे नेहमीचं. 'पीपल ग्रू पॅडी हिअर' हे त्या वेळचं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म १९०४ सालचा, याच गावचा. पाणी गावात शिरलं त्याच्या कितीतरी आधी त्या मुंबईकर झाल्या होत्या, १९७४ साली पद्मभूषण मिळालं होतं. 'बाय द टाइम द वॉटर केम, शी हॅड लेफ्ट.' इथे 'हॅड' आपसूक येतो. पाणी शिरणं ही 'तेव्हा'ची खूण आणि गाव सोडणं त्याच्या मागे.

मराठी कुठे हात देते, कुठे पाय ओढते

इथे वेळ घालवा. बाकीच्या पायऱ्या भराभर झाल्या तरी हरकत नाही.

पहिला 'हॅड'च. वर्गात एकच नियम लावा: ज्याला 'हॅड' लिहायचा आहे त्यानं त्याच्या नंतरची घटना बोट ठेवून दाखवायची. दाखवता आली नाही तर साधा भूतकाळ. हा नियम कोरडा वाटू नये म्हणून खाणींचं उदाहरण द्या. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, आणि डिचोली-सांग्यात ट्रक असलेली घरं मुलांना माहीत आहेत. आता ही दोन वाक्यं: 'व्हेन द माइन्स क्लोज्ड, माय फादर सोल्ड द ट्रक.' 'व्हेन द माइन्स क्लोज्ड, माय फादर हॅड सोल्ड द ट्रक.' पहिल्यात बाप नाइलाजानं ट्रक विकतो. दुसऱ्यात त्याला आधीच वारं कळलं होतं. एका 'हॅड'नं बापाचा स्वभाव बदलला. मुलांना विचारा, दुसऱ्या बापाबद्दल गावात काय बोलत असतील? इथेच, नकळत, कादंबरीचा पहिला तास सुरू झालेला असतो.

कोंकणी बोलणाऱ्या मुलांकडे इथे एक जादा हत्यार आहे आणि आपण ते वापरत नाही. 'तो गेलो', 'तो गेला', 'तो गेल्लो' ही तीन वेगळी रूपं त्यांच्या तोंडी आहेत: तो गेला, तो गेला आहे, तो गेला होता. 'वेन्ट', 'हॅज गॉन', 'हॅड गॉन' यांच्या जवळ जाणारी ही जोडी फळ्यावर मांडा. पण एक खड्डाही दाखवा: 'तो गेला' हे मराठीत साधं भूत आहे आणि कोंकणीत 'हॅज गॉन'. घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा बोलणारं मूल इथे हमखास अडखळतं, आणि आपल्याला वाटतं त्याला इंग्रजी येत नाही. 'गेल्लो'सुद्धा मराठीतल्या 'गेला होता'सारखा एकटा वापरता येतो, म्हणून बोट ठेवण्याचा नियम त्यालाही लागू.

दुसरी जागा 'हॅव'ची. मराठीत 'मी त्याला काल बघितलंय' चालतं. इंग्रजीत 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' चालत नाही, कारण 'हॅव' म्हणजे पाय 'आता'वर, आणि 'यस्टरडे'नं ते उचलून 'तेव्हा'वर ठेवले. दोन्हीकडे एकदम उभं राहता येत नाही. याला सगळ्यात चांगला सराव म्हणजे इंग्रजी वर्तमानपत्र. मथळा साध्या वर्तमानकाळात, पहिलं वाक्य बहुधा 'हॅज' किंवा 'हॅव'मध्ये, आणि वार, वेळ, ठिकाण आलं की लगेच साधा भूतकाळ. पूल कोसळल्याची एखादी बातमी कापून आणा आणि पहिल्या चार वाक्यांतली क्रियापदं तेवढी वाचून दाखवा.

तिसरी, 'मी पाच वर्षांपासून फोंड्याला राहतो'. मराठीत वर्तमानकाळ, म्हणून मूल लिहितं 'आय ॲम स्टेइंग इन फोंडा सिन्स फाइव्ह इयर्स'. यात दोन चुका एकत्र आहेत आणि त्या एकत्रच सोडवाव्या लागतात: 'हॅव बीन' हवा, आणि मुदतीला 'फॉर'. 'सिन्स' सुरुवातीच्या खुणेला, जसं 'सिन्स २०१९'.

चौथी गमतीची. आई हाक मारते, पोरगा ओरडतो 'आलो!' आणि जागचा हलत नाही. मराठीत भूतकाळी रूप चक्क भविष्यासाठी वापरतो आपण. 'पाऊस आला की निघू', 'बस चुकली तर फोन कर' यांतही तेच. म्हणून 'इफ द बस मिस्ड, कॉल मी'सारखी वाक्यं येतात. ओळीनं अशी मराठी वाक्यं मुलांकडूनच काढून घ्या, त्यांना या खेळात रस येतो, आणि मग दाखवा की इंग्रजी 'इफ' आणि 'व्हेन'नंतर अशा जागी साधा वर्तमानकाळ ठेवते.

'कळतंय', 'आठवतंय', 'माझ्याकडे आहे' यांच्यावरून येणारे 'आय ॲम नोइंग' आणि 'आय ॲम हॅविंग' सगळ्यांना माहीत आहेत, त्यांवर फार वेळ नको. उलट 'आजोबा रापणीला (जाळं ओढून मासे धरायला) जायचे' यातला 'जायचे' जपून ठेवा. 'यूज्ड टू' आणि सवयीचा 'वुड' शिकवायला याच्यापेक्षा चांगली मराठी शोधून सापडणार नाही.

पुस्तक निवडताना

पुस्तक बारीक हवं, आणि पहिल्या पानावर क्रियापदांची खरी हालचाल हवी. मी सुरुवातीला हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' घेते. १९५२ साली आलेली, शंभरेक पानांची, वाक्यं सरळ, शब्द रोजचे. विषय मासेमारीचा, त्यामुळे गोव्यात पुस्तकाची ओळख करून द्यावी लागत नाही. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी मुलं दरवर्षी ताटात अनुभवतात. मग रोज समुद्रावर जाऊनही ८४ दिवस मासा न मिळालेला म्हातारा सान्तियागो म्हणजे काय, हे त्यांना समजावायला नको.

व्यवहाराची एक सोय पण आहे. हेमिंग्वे १९६१ साली गेला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो, त्यामुळे २०२२पासून ही कादंबरी इथे मुक्त आहे. पहिल्या पानाच्या झेरॉक्स वर्गभर वाटा, कुणाची हरकत नाही. पुढे ज्या आर. के. नारायण यांच्या 'द गाईड'बद्दल लिहिणार आहे, तिचा प्रताधिकार अजून आहे. तिच्या प्रती विकत घ्या किंवा ग्रंथालयातून आणा. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात एक फेरी मारायला मुलांना निमित्तही मिळेल.

पहिला परिच्छेद, क्रियापद धरून

झेरॉक्स वाटा आणि आधी नुसतं मोठ्यानं वाचा, दोनदा. अर्थ विचारू नका. मग तीन रंगांच्या पेन्सिली: 'हॅड'ची क्रियापदं एका रंगात, साध्या भूतकाळाची दुसऱ्या, वर्तमानकाळाची तिसऱ्या.

पहिल्याच वाक्यात दोन रंग येतात. म्हातारा 'वॉज', तो एकटा 'फिश्ड', आणि मासा न मिळता ८४ दिवस 'हॅड गॉन'. फळ्यावरच्या रेघेवर हे ठेवून बघा. कथा ८४ दिवसांच्या शेवटाला उभी आहे आणि तिथून मागे बघते आहे. हेमिंग्वेला त्या दिवसांची रोजनिशी सांगायची नाही. त्याला ते ओझं म्हणून पहिल्याच ओळीत म्हाताऱ्याच्या पाठीवर ठेवायचं आहे. मुलांना 'हॅड गॉन'च्या जागी 'वेन्ट' घालून वाचायला सांगा. वाक्य चालतं, पण ओझं जातं. गेली ती गोष्ट, असं वाटतं.

पुढे 'हॅड'ची रांगच लागते. पहिले चाळीस दिवस म्हाताऱ्याबरोबर एक मुलगा 'हॅड बीन', आईबापांनी त्याला 'हॅड टोल्ड', मुलगा दुसऱ्या होडीवर 'हॅड गॉन'. हा दुसरा 'हॅड गॉन' आणि वरचा एकच दिसला तरी अर्थ वेगळे, एकात दिवस गेले, दुसऱ्यात पोरगा गेला. आणि मग एक जागा येते जिथे चांगली मुलंही गोंधळतात: त्या दुसऱ्या होडीनं पहिल्याच आठवड्यात तीन मासे पकडले, पण तिथं क्रियापद आहे 'कॉट'. 'हॅड कॉट' का नाही? हा प्रश्न मुलांनी विचारेपर्यंत वाट बघा. उत्तर असं, की इंग्रजी लेखक 'हॅड' लावून वाचकाला मागच्या काळात नेऊन सोडतो. एकदा नेऊन सोडलं की प्रत्येक पावलाला 'हॅड' म्हणत बसत नाही. व्याकरणाच्या पुस्तकांत हे क्वचितच सांगतात, पण कादंबरी वाचणाऱ्याला पदोपदी लागतं. पान उलटल्यावर आपण कुठल्या काळात आहोत हे मुलांना कळेनासं होतं, ते बहुतेक वेळा यामुळेच.

तिसरा रंग एकदाच लागतो. म्हातारा 'सालाओ', म्हणजे पराकोटीचा दुर्दैवी, आहे असं आईबाप म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ सांगताना लेखक 'इज' वापरतो. सगळं भूतकाळात आणि हे एकटं वर्तमानात. कारण शब्दाचा अर्थ काही त्या दिवशीपुरता नाही, तो आजही तोच आहे. मुलांना हा 'इज' शोधायला लावा, आधी सांगू नका.

परिच्छेदाच्या शेवटी म्हाताऱ्याचं शीड येतं, पिठाच्या पोत्यांची ठिगळं लावलेलं. गुंडाळलेलं ते शीड कायमच्या पराभवाच्या निशाणासारखं 'लुक्ड'. आणि थोडं पुढे म्हाताऱ्याचे डोळे, जे आनंदी आणि अपराजित 'वेर'. दोन्ही साधे भूतकाळ. पण एक 'दिसत होतं', दुसरे 'होते'. शीड हरलेलं दिसतं, डोळे न हरलेले असतात. इथे मी गप्प बसते आणि वर्गाला दोन मिनिटं देते. कादंबरी पुढे ज्या प्रश्नावर चालते तो या दोन क्रियापदांमध्येच पडलेला आहे. माझ्या मते कादंबरीचं विश्लेषण म्हणजे मुळात एवढंच, लेखकानं हा शब्द का घेतला, तो का नाही, हे विचारणं. 'थीम' आणि 'सिम्बॉलिझम' हे शब्द या पायरीला वर्गात येऊ देऊ नका. ते आले की मुलं बघायचं थांबवतात आणि आठवायला लागतात.

दोन रेघांची कादंबरी

पुढची पायरी 'द गाईड'. १९५८ सालची, १९६० साली साहित्य अकादमी मिळालेली. मुलांना, निदान त्यांच्या आईबापांना, देव आनंदचा १९६५चा सिनेमा माहीत असतो. सिनेमा आधी दाखवू नका.

इथे फळ्यावर दोन रेघा ओढाव्या लागतात. वरच्या रेघेवर नदीकाठचं जुनं देऊळ: तुरुंगातून सुटलेला राजू, त्याला साधू समजणारा वेलन, गावकरी. ही कथा इंग्रजी 'ही', म्हणजे 'तो', म्हणून सांगितली आहे. खालच्या रेघेवर मालगुडी: स्टेशनावरचं दुकान, वाटाड्याचा धंदा, रोझी, मार्को, खोटी सही, तुरुंग. ही कथा राजू स्वतः 'आय' म्हणून सांगतो. दोन्ही साध्या भूतकाळातच आहेत. म्हणजे 'हॅड' धरून वाट काढायला शिकलेलं मूल इथे अडकतं, कारण फक्त क्रियापद बघून रेघ ओळखता येत नाही. सर्वनाम बघावं लागतं. रेघ प्रकरणाच्या आतही बदलते, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या दोन वाक्यांत 'ही' की 'आय' एवढंच शोधून समासात 'वर' किंवा 'खाली' असं लिहायला सांगा. सबंध पुस्तकाचा नकाशा एका तासात तयार होतो.

मग विचारा, राजू आपली गोष्ट 'आय' म्हणून का सांगतो, आणि देवळातला राजू स्वतःबद्दल का बोलत नाही? मुलांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात. खालच्या रेघेवरचा राजू सतत आपली बाजू मांडतो, वकिलासारखा. वरच्या रेघेवर त्याला बाहेरून बघितलं जातं, आणि आत काय चाललंय याची खात्री कमी कमी होत जाते.

आणि शेवट. पाऊस यावा म्हणून उपास धरलेला राजू नदीत उभा राहून वेलनला म्हणतो, डोंगरात पाऊस पडतोय. मग तो खाली कोसळतो, आणि पुस्तक संपतं. पाऊस पडला का? वर्गात दोन तट पडतात, पडू द्या. नंतर क्रियापदं बघायला लावा. पावसाचं वाक्य चालू वर्तमानकाळात आहे, म्हणजे राजूच्या तोंडचं आहे. आतापर्यंत सगळं भूतकाळात सांगणारा निवेदक राजू कोसळल्याचं भूतकाळात सांगतो आणि पावसाबद्दल चकार शब्द काढत नाही. जे निवेदकाच्या भूतकाळात आलं ते घडलं म्हणून धरता येतं. जे पात्राच्या वर्तमानात आलं त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे वाचकावर. सिनेमा आता दाखवा. तिथं पाऊस पडतो, आणि दिग्दर्शकानं कुठला निर्णय वाचकाच्या हातून काढून घेतला हे मुलं न विचारता सांगतात.

कोण बोलतंय, निवेदक की मन

मराठीत 'तो म्हणाला की मी उद्या येतो' असं सरळ म्हणता येतं. मूळ वाक्यातला 'मी' आणि काळ दोन्ही जागच्या जागी राहतात. इंग्रजीत दोन्ही सरकतात: 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे'. हे रिपोर्टेड स्पीचच्या धड्यात असतं आणि मुलं यंत्रासारखं करतात. कादंबरीत खरी अडचण येते ती 'ही सेड' गळून पडतं तेव्हा.

असं काहीतरी लिहून दाखवा: 'शी लुक्ड ॲट द क्लॉक. द बस वॉज लेट अगेन. वुड शी एव्हर रीच पणजी?' शेवटचा प्रश्न कोणाचा? निवेदकाला पणजीला जायचं नाहीये. तो तिच्या मनातला प्रश्न आहे, फक्त कपडे निवेदकाचे घालून आलाय. मराठीत आपण हेच लिहिताना मनातलं मनातल्याच काळात ठेवतो: तिनं घड्याळाकडे बघितलं. आजही बस उशिरा. कधी पोचणार ती पणजीला? म्हणून मराठी मुलाला 'वुड' बघून हा मनातला आवाज आहे हे जाणवत नाही. तो ते निवेदकाचं मत समजतो आणि परीक्षेत 'द ऑथर सेज' म्हणून लिहून मोकळा होतो. ओळखायच्या खुणा शिकवा: उद्गार, प्रश्न, 'अगेन', 'ऑफ कोर्स', भूतकाळी क्रियापदाशेजारी अवचित बसलेला 'नाऊ' किंवा 'टुमॉरो'. 'द ओल्ड मॅन'च्या पहिल्या वाक्यातही एक 'नाऊ' आहे, परत जाऊन शोधायला लावा.

उत्तर लिहिताना

कादंबरीबद्दल इंग्रजीत लिहिताना वर्तमानकाळ वापरतात, कादंबरी भूतकाळात असली तरी. 'सान्तियागो गोज आउट अलोन', 'राजू टेल्स वेलन'. पुस्तक उघडलं की तो पुन्हा जातो, पुन्हा सांगतो, म्हणून. मराठीत आपणही 'राजू वेलनला सांगतो' असंच लिहितो, त्यामुळे हे मुलांना पटकन जमतं. चुका होतात त्या दोन सांध्यांवर. लेखकाच्या आयुष्यातली गोष्ट भूतकाळात राहते: 'हेमिंग्वे पब्लिश्ड इट इन १९५२', पण 'हेमिंग्वे शोज अस'. आणि कथेत त्याआधी घडलेलं असेल तर 'हॅड'च्या जागी 'हॅव' येतो, कारण आता पाय वर्तमानावर आहेत: 'व्हेन ही सेट्स आउट, ही हॅज गॉन एटी-फोर डेज विदाउट अ फिश.' पुस्तकातला 'हॅड गॉन' उत्तरात 'हॅज गॉन' कसा झाला, हे फळ्यावरच्या रेघेवर दाखवलं की मुलांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं.

उत्तराचा ढाचा एकच द्या आणि तोही सैल: काय दिसतं, कुठल्या शब्दात दिसतं, दुसरा शब्द असता तर काय बिघडलं असतं. 'द सेल लुक्स डिफीटेड, बट द आईज आर अनडिफीटेड' असं वाक्य एखाद्या मुलानं स्वतः लिहिलं, आणि मग हेमिंग्वेनं शिडासाठी 'वॉज' का वापरला नाही याबद्दल तीन ओळी लिहिल्या, तर परीक्षेसाठीच्या बाजारी गाईडबुकातल्या दीड पानापेक्षा ते मोलाचं आहे. परीक्षकालाही ते कळतं. निदान बऱ्याच जणांना कळतं.

वह्या तपासताना एका खेपेला एकाच प्रकारची चूक धरा. या आठवड्यात फक्त 'हॅड'. बाकीचं दिसलं तरी पेन उचलायचं नाही, हे शिक्षकाला मुलापेक्षा जड जातं. चुकीच्या क्रियापदाखाली नुसता ठिपका द्या, दुरुस्ती मुलानं करायची, आणि शेजारी बोट ठेवण्याची ती दुसरी घटना लिहायची. वेळेचं म्हणाल तर आठवड्याला दोन तास धरले, तर रेघ आणि मराठी-कोंकणीची तुलना यांना महिना, हेमिंग्वेला दीड, आणि 'द गाईड' पुढच्या सहामाहीत. मोठा वर्ग असेल तर रंगपेन्सिलींचं काम चौघांच्या गटात द्या.

सहामाहीच्या शेवटी चवथीचे ते कागद परत वाटा. मुलांनी स्वतःचाच मजकूर दुरुस्त करायचा, पण अट अशी, की निदान एक 'हॅड' ठेवायचाच आणि तो का ठेवला ते खाली मराठीत लिहायचं. काहीजण मामा येण्याआधी नेवऱ्या संपवून टाकतील.